चाखणारे आणि पिणारे

माझ्या काकाला गावात सगळे बेवडा म्हणायचे. मला पुण्यात मित्र जाणकार म्हणतात. आमच्या दोघांचं नाक मात्र सारखंच होतं, असं माझी काकू म्हणते. या एका वाक्याने गेलं वर्षभर माझी झोप उडवली आहे, म्हणून हा लेख.

आधी गाव सांगतो. दोडामार्ग. सिंधुदुर्गाचा गोव्याला चिकटलेला तालुका. वर सह्याद्री, तिळारीचं धरण, केरळहून आलेल्या लोकांनी लावलेले रबराचे मळे, अधूनमधून कर्नाटकातून उतरणारे हत्ती, आणि सगळीकडे काजू. आमच्या बाजारातून पाय मोकळे करायला निघालात तर पाच-दहा मिनिटांत राज्य बदलतं. पेट्रोलचा दर बदलतो, पाट्यांची भाषा थोडी बदलते आणि दारूचा कायदा पूर्ण बदलतो. इकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो आणि व्हिस्कीसारखं कडक मद्य प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. तिकडे १८ पुरतात. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी आमच्याकडच्या पेपरात पावसाच्या बातमीइतकी नेहमीची. लहानपणी मला वाटायचं, 'गोवा बनावट' म्हणजे खोटी दारू.

मार्च-एप्रिलमध्ये काजू पिकतो. बी काढून घेतली की बोंडू उरतो. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेलं हे झाड. गोव्यात त्याच्या बोंडूची फेणी झाली. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. आमच्या बाजूचा बोंडू मात्र झाडाखाली कुजतो किंवा टेम्पोतून सीमेपलीकडच्या भट्टीवर जातो. झाड एकाच डोंगराचं. अलीकडे रस गाळला तर गुन्हा, पलीकडे वारसा.

काका त्या भट्ट्यांवर हंगामात कामाला जायचा. बोंडू झाडावरून तोडायचे नसतात, आपोआप पडलेलेच घ्यायचे, हे त्यानेच मला शिकवलं. रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो. पहिल्या धारेला उर्राक निघते, साधारण पंधरा टक्क्यांची, हलकी, बोंडूचा वास अजून अंगावर असलेली. ती पुन्हा रसाबरोबर चढवली की फेणी, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची. काका बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचा आणि कडकपणा सांगायचा. दोन थेंब तळहातावर चोळून, ओंजळ नाकाशी धरून सांगायचा की यात कच्चे बोंडू पडलेत, किंवा भांडं जास्त तापलं, किंवा रस एक दिवस उशिरा चढवला. भट्टीवाले त्याला त्यासाठीच बोलवायचे. मजुरी रोख आणि वर बाटली.

हंगाम संपला की फेणी परवडायची नाही. मग मिळेल ते. काका ४३ व्या वर्षी यकृताच्या आजाराने गेला. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. मी तेव्हा बारावीत होतो. तेराव्याला जेवायला बसलेल्या माणसांत कुणी म्हणालं, "सुटला." कोण सुटला, काका की काकू, हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

*

इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. कोड लिहितो. २५ पूर्ण होईपर्यंत मी दारूला हात लावला नव्हता, काही कायद्याला घाबरून नाही. मग टीममधल्या एका सीनियरने घरी बोलावलं, ट्युलिपच्या आकाराच्या छोट्या ग्लासात जेमतेम दोन चमचे ओतलं आणि म्हणाला, "पिऊ नकोस. आधी नुसता वास घे."

मी वास घेतला आणि मला सफरचंद, मेण आणि शाळेच्या लाकडी बाकाचा वास आला. ते मी बोलून दाखवलं तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी मला माझं नाक सापडलं.

तुम्ही कधी हे केलं नसेल तर त्यातली मजा खरी आहे, हे आधी मान्य करतो. सोंग नाही ते. सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. बार्ली वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा, धूर दिला तर तो शेवटपर्यंत राहतो. ओकच्या पिंपात ती वर्षानुवर्षं मुरते. स्कॉचला किमान तीन वर्षं तरी मुरावंच लागतं. पिंपातून दरवर्षी थोडी उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा दोनेक टक्के असतो, आपल्या हवेत तो दहाच्या आसपास जातो. म्हणून आपल्याकडे व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर संपतेही. बेंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल मॉल्ट नेऊन दाखवली ती थेट ग्लासगोत. गोव्यातल्या कुंकळ्ळीत पॉल जॉन तयार होते. ती २०१२ मध्ये आधी ब्रिटनच्या बाजारात आली. माझ्या घरापासून काही तासांवर मुरणारी व्हिस्की मी पुण्यात, महाराष्ट्राचा कर भरून, बिलासकट विकत घेतो. गोव्यात ती कितीतरी स्वस्त आहे.

पाण्याचे थेंब टाकल्यावर वास का उमलतो याचंही शास्त्र आहे. २०१७ मध्ये कार्लसन आणि फ्रीडमन या स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की पाणी घातल्यावर धुरकट वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू पेयाच्या पृष्ठभागाकडे जमतो. हे वाचलं तेव्हा मला काकाचा तळहात आठवला होता. पण मी तो विचार पुढे नेला नाही.

मी एक्सेल शीट बनवली. १४ रकाने. नाव, प्रदेश, पिंप, टक्केवारी, रंग, वास, पाणी घातल्यावरचा वास, चव, मागे रेंगाळणारी चव, किंमत, गुण वगैरे. महिन्यातून एकदा पाच-सहा जण जमायचो. कुणी दारू पिऊन आडवंतिडवं बोललं की त्याला पुढच्या वेळी बोलवायचं नाही, असा नियम होता. आम्ही पिणारे नव्हतो. आम्ही चाखणारे होतो.

*

हा फरक खरा आहे का? माझा प्रश्न एवढाच आहे.

पहिलं उत्तर पैशाचं. सहा हजारांची बाटली घेणारा रसिक, सत्तर रुपयांची घेणारा बेवडा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यूने १९७९ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की आपली आवड ही आपली जागा सांगते. कुठल्या चित्रासमोर थांबायचं, कुठली वाइन उचलायची, यातून माणूस स्वतःला खालच्या पायरीवरच्यांपासून वेगळा करत असतो. पटतं. पण सगळं एवढ्यावर संपत नाही. पैसा फक्त मान देतो असं नाही, तो जीवही वाचवतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं मेली. मालवणी हे आमच्या भाषेचंही नाव, म्हणून ती बातमी आम्ही दोनदा वाचली होती. मिथेनॉल आणि इथेनॉल यांतला फरक नाकाला नीट कळत नाही. ज्याच्याकडे सीलबंद बाटलीचे पैसे आहेत त्याला तो कळावाही लागत नाही. तर पैशाने फरक पडतो, पण पैशाने माणूस चांगला ठरत नाही. हे उत्तर बाद.

दुसरं उत्तर लक्ष देण्याचं. पिणाऱ्याला परिणाम हवा असतो, चाखणाऱ्याला ती वस्तू. मी अर्धा तास एका ग्लासासमोर बसून त्यात काय काय आहे ते ओळखतो. बेवडा एका घोटात संपवतो. हे मला बरेच दिवस पुरलं. डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीवरचा १७५७ चा निबंध वाचला तेव्हा तर खात्रीच झाली. त्यात त्याने 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सँचोच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास आहे. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाचा आहे. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघते. ह्यूमचं म्हणणं, बारीक चव ओळखणं ही कल्पना नाही, वस्तूत खरोखर काहीतरी असतं आणि काहींनाच ते लागतं.

मला ती गोष्ट फार आवडली. मी स्वतःला त्या दोघांपैकी एक समजत होतो. पण मग काकाचं काय? तोही कच्चा बोंडू ओळखत होता. लक्ष देणं माणसाला वाचवत असतं तर काका वाचायला हवा होता.

तिसरं उत्तर संयमाचं. मी थांबू शकतो, तो थांबू शकत नव्हता. हे उत्तर सगळ्यांत मजबूत वाटतं. पण माझ्या संयमात माझं किती आहे? सकाळी दहाला मीटिंग आहे, आरोग्य विमा आहे, जिमचे पैसे भरलेत, शनिवार-रविवार ठरलेला आहे. काकाकडे हंगाम संपल्यावर आठ महिने होते आणि त्यात रोज संध्याकाळ होती. मी थांबतो त्यात माझा काहीच वाटा नाही असं म्हणत नाही. पण त्याचं सगळं श्रेय माझ्या चारित्र्याला देणं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या कोडवर आपलं नाव टाकण्यासारखं आहे.

*

गेल्या मे महिन्यात गावी गेलो. पुण्याहून पॉल जॉनची 'बोल्ड' नेली होती, धुराची आहे ती. रात्री जेवणं झाल्यावर मागच्या पडवीत एकटाच बसून थोडी ओतली आणि मोबाइलवर शीट उघडली. काकू भांडी पालथी घालून बाहेर आली. मी ग्लास लपवायला गेलो.

"लपवतंस कित्या? माका वास इलो," ती म्हणाली. "हाड हयसर."

तिने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. ग्लास नाकापासून वीतभर लांब धरला, माझ्यासारखा आत खुपसला नाही. डोळे मिटले.

"सुको बांगडो चुलीत भाजल्यासारको वास येता. आणि मागसून मध. आणि जुन्या लाकडी पेटयेचो."

माझ्या शीटमध्ये मी दहा मिनिटांपूर्वी लिहिलं होतं: धूर, समुद्र, मध, ओक.

मी हसलो, म्हणालो, "काकू, तुका कसा कळला? तुजा नाक काकासारकाच आसा."

"तुजा काकासारका. माजा नाय," ती म्हणाली. "पंदरा वर्सां तेच्या तोंडाचो वास घेतलंय मी. उंबऱ्यातच घेवचो लागे. खंयची प्यालो, किती प्यालो, ता कळल्याशिवाय पोरांका खंय निजवूचा ता ठरवतां येय नाय. उर्राक आसली तर गप निजायचो. फेणी आसली तर गजाली मारायचो. आणि ती दुसरी आसली..."

पुढचं तिने सांगितलं नाही. ग्लास खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि आत गेली. जाताना म्हणाली, "वास बरो आसा."

मी ती व्हिस्की प्यायलो नाही. टाकलीही नाही. सकाळी ग्लास तसाच होता, वर एक चिलट.

*

ह्यूमची गोष्ट मी पुन्हा वाचली. त्यातले दोघं हौसेने चाखतात. काही चुकलं तर लोक हसतील, इतकंच. बारीक नाक सरावाने येतं, असं ह्यूम सांगतो. बरोबर आहे. पण सराव कुणाला कशासाठी करावा लागला, हा प्रश्न त्या गोष्टीत नाही. आमच्या घरात सगळ्यांत तयार नाक ज्या बाईचं आहे तिला ते भीतीने आलं. तिने पंधरा वर्षं रोज संध्याकाळी एका चाचणीत भाग घेतला, ज्यात चुकून चालणार नव्हतं. चामडं आणि लोखंड वेगळं ओळखणारी ती होती. ती किल्लीही तिनेच भोगली.

मला गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आठवलं. ते गेले १९१९ च्या जानेवारीत आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. सगळ्यांना त्यातला सुधाकर आठवतो आणि दळण दळणारी सिंधू. मला आठवलं तळीरामाचं आर्यमदिरामंडळ. तिथे सभासद जमतात आणि पिण्याच्या बाजूने एकाहून एक मुद्दे मांडतात. शाळेत असताना आम्ही तो प्रवेश वाचून हसलो होतो. आता वाटतं, आमच्या महिन्याच्या बैठकीला त्याहून नेमकं नाव मिळणार नाही. आमच्याकडे मुद्द्यांच्या जागी टेस्टिंग नोट्स होत्या, एवढाच फरक.

पुण्यात परत आल्यावर मी एक काम केलं. इंजिनिअरला जे जमतं तेच. शीटमध्ये १४ रकाने होते, पण 'किती मिलिलिटर प्यायलो' हा रकाना नव्हता. ज्याचा लॉग ठेवला नाही तो बग सापडत नाही, हे मी ज्युनियर मुलांना रोज सांगतो. मी जुनी बिलं काढली. पहिल्या वर्षी ७ बाटल्या, दुसऱ्या वर्षी ११, तिसऱ्या वर्षी १९. मग शीटमधल्या नोंदी मोजल्या. पहिल्या वर्षी ४६, दुसऱ्या वर्षी ४१, तिसऱ्या वर्षी १८.

बाटल्या वाढत होत्या आणि नोंदी कमी होत होत्या. म्हणजे तिसऱ्या वर्षातली बरीचशी व्हिस्की मी कुठलाही वास न ओळखता प्यायलो होतो. रिलीज अडकलं म्हणून, रूममेट लग्न करून निघून गेला म्हणून, मंगळवार होता म्हणून. या काळात मी स्वतःला जाणकारच म्हणवत होतो. काकाच्या जागी पोचलो होतो असं नाही. आकडे तेवढे मोठे नाहीत आणि त्याच्या मरणाची माझ्या मंगळवारांशी बरोबरी करणं बरं दिसणार नाही. पण दिशा कुठली आहे ते आलेखात दिसत होतं. आणि ती मला तीन वर्षं दिसली नाही, कारण 'मी चाखतो' हे वाक्य मधे उभं होतं.

*

मग काय, चाखणं हे ढोंगच? तसं मला वाटत नाही. काकू म्हणालीच की, वास बरो आसा. तिला तिरस्कार करायचा पूर्ण हक्क होता आणि तिने वासावर अन्याय केला नाही. चांगली वस्तू चांगली आहे असं म्हणता येणं, तिच्यात काय काय आहे ते शांतपणे ओळखता येणं, ही माणसाची एक चांगली शक्ती आहे. ती पेटीवर चालते, हापूसवर चालते, व्हिस्कीवरही चालते. चूक ती शक्ती वापरण्यात नाही. तिला परवाना समजण्यात आहे. रसिकता सांगते की ग्लासात काय आहे. ग्लास रिकामा झाल्यावर माणसाचं काय होतं, घरात कोण वाट बघतं, हे ती सांगत नाही. त्याचं उत्तर वेगळीकडे शोधावं लागतं आणि आपण ते पहिल्या उत्तरात उरकून टाकतो.

शरीराला तर हा भेद मुळीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्या संघटनेने स्पष्ट म्हटलं की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचं निर्धोक असं प्रमाण नाही. ४२.८ टक्क्यांच्या तीस मिलिलिटरमध्ये सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. पिंप ओकचं होतं की नाही, हे यकृत विचारत नाही.

आपल्याकडे गावातल्या निम्म्या महिला मतदारांनी ठरवलं तर दारूचं दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. पूर्वी मला हे बाळबोध वाटायचं. जगात इतके स्वाद, इतके प्रदेश आणि यांच्याकडे दोनच चित्रं! आता कळतं की ज्या बाईला उंबऱ्यात वास घ्यावा लागतो तिच्यासाठी प्रश्न खरोखर दोनच चित्रांचा असतो. दोडामार्गात तर तिचं तेही भागत नाही. इथे बाटली आडवी केली तरी एक किलोमीटरवर ती उभीच आहे. त्यामुळे बंदीने सगळं सुटेल असं मी म्हणू शकत नाही. पण मतपत्रिकेवर तिसरं, ट्युलिपसारख्या ग्लासाचं चित्र नाही म्हणून हसण्याचा हक्क मला राहिलेला नाही.

मी सोडली का? मित्र विचारतात. नाही. शीटमध्ये आता दोन रकाने वाढवलेत. एक मिलिलिटरचा. दुसरा 'का' असा. दुसऱ्या रकान्यात काही खरं लिहिता आलं नाही तर त्या दिवशी ओतायची नाही, असं ठरवलंय. हे सात महिने बऱ्यापैकी जमलंय, तीन वेळा जमलं नाही, आणि ते तीन वेळाही शीटमध्ये आहेत. बैठकीत कुणी बेवडा हा शब्द वापरला की मी काकाच्या तळहाताची गोष्ट सांगतो. पहिल्यांदा सांगितली तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, "त्यांना ही दिली असती तर काय म्हणाले असते रे?"

मी सांगितलं की त्याने पहिल्या वासात धूर ओळखला असता, मध ओळखला असता, बहुतेक पिंपही. आणि मग पूर्ण बाटली संपवली असती. दोन्ही खरं आहे.

यंदा एप्रिलमध्ये बोंडू पडायला लागले की गावी जाईन. काकू आता बिया विकते, बोंडू गुरांना घालते. या वेळी बाटली नेणार नाही. तिच्या नाकाला निदान माझ्याकडून तरी सुट्टी मिळावी.